डक्टमधून येणारा सिगारेटचा वास: तीनदा घालवला, तीनदा परत आला

घरात कुणी सिगारेट ओढत नाही, तरी रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास पॅसेजमध्ये वास दरवळायला लागतो. पंधरा-वीस मिनिटांनी जातो, पण तोवर आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, खोकला सुरू झालेला असतो. त्यांना दमा आहे. सकाळी पुन्हा तेच. खिडकी उघडली तर कधी वास कमी होतो, कधी उलट वाढतो. तुमच्याकडे असंच काहीसं चालू असेल तर पुढचं वाचा.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, स्टिल्टवर सात मजले, त्यात आम्ही चौथ्यावर. कार्पेट सहाशे चौरस फूट. संडास आणि बाथरूमच्या खिडक्या आतल्या डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आत खालून गच्चीपर्यंत गेलेल्या, वरून उघड्या पोकळीत उघडतात. मुंबईत अशा इमारती ढिगाने आहेत, त्यामुळे मी ज्या चुका केल्या त्या तुमच्या कामाला येतील.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच आठवड्यात केली. वास आला की माणूस आधी आरोपी शोधतो. आमच्या बरोबर खाली तिसऱ्या मजल्यावर चार पोरं भाड्याने राहतात. पोरं, त्यात भाडेकरू, त्यात रात्री उशिरापर्यंत दिवे चालू. माझ्या मनात निकाल लागलेलाच होता. एका रात्री अकराला जाऊन बेल वाजवली आणि आवाज चढवूनच बोलले. दार उघडलेला मुलगा शांतपणे म्हणाला, "ताई, बाकीचे तिघं नाइट शिफ्टला गेलेत. मी एकटाच आहे, आणि मी ओढत नाही. तुम्ही आत येऊन बघा." मी खरंच आत गेले. त्यांच्या बाथरूममध्ये तोच वास होता. तो म्हणाला, "आम्हाला वाटायचं तुमच्याकडून येतो."

तेव्हा बेल वाजवण्याआधी धूर कुठून येतो ते शोधा. कोण ओढतो हे कळलं तरी धूर घरात कुठल्या फटीतून शिरतो हे कळलेलं नसतं, आणि बंद करायची असते ती फट.

आधी वेळा लिहून काढा

कालनिर्णयच्या मागच्या बाजूला मी दोन आठवडे नोंदी केल्या. वास किती वाजता आला, कुठल्या खोलीत पहिल्यांदा जाणवला, त्या वेळी कुठल्या खिडक्या उघड्या होत्या, किचनचा एक्झॉस्ट चालू होता का, एसी चालू होता का. हा शेवटचा भाग लोक लिहीत नाहीत आणि खरी माहिती तिथेच असते. आमचा नमुना असा निघाला: सकाळी पावणेसात, रात्री पावणेअकरा, रविवारी दुपारी एक जादा. म्हणजे ओढणारा घड्याळाचा माणूस. नोकरी संपली तरी सवय न सुटलेला.

एक सूचना. आपलं नाक पाच-दहा मिनिटांत सरावतं आणि वास गेला असं वाटतं. बाहेरून आत येणाऱ्याला विचारा. माझी मुलगी क्लासवरून साडेआठला येते, तिचं नाक मी यंत्रासारखं वापरलं. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिबारीक कण, दाखवणारं छोटं मीटरही घेऊन पाहिलं. आकडा एकदम उसळला की धूर आला हे कळतं, पण मुंबईच्या हिवाळ्यात बाहेरची हवाच इतकी धुरकट असते की उसळी त्यात बुडून जाते, आणि पावसाळ्यात दमटपणामुळे ही स्वस्त मीटरं आकडा वाढवून दाखवतात. फोडणीलाही ती तितकीच उसळतात. मीटर नसलं तरी चालेल.

मीटर घेण्याआधी आणखी एक बघा, आपल्याच घरात काय जळतंय ते. एका डासांच्या कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण बाहेर पडतात असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं. आईंच्या खोलीत आम्ही रोज कॉइल लावत होतो! खालच्यांशी भांडायला जाणारी मी, त्या आकड्यानंतर गपचूप जाळीचा दरवाजा बसवून घेतला.

टिश्यूची पट्टी

यासाठी खर्च शून्य. टिश्यू पेपरची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी फाडा. घरातले सगळे पंखे बंद, खिडक्या बंद, दारं बंद. मग पट्टी एकेका फटीपाशी धरा: बाथरूमच्या दाराखाली, संडासाच्या दाराखाली, मेन डोअरखाली, सिंकखाली पाइप भिंतीत जातो तिथे, एसीचा पाइप बाहेर जातो त्या भोकापाशी, भिंतीतल्या स्विचबोर्डाच्या कडेला, बाथरूमच्या फॉल्स सीलिंगच्या झाकणापाशी. पट्टी आतल्या बाजूला हलली तर तिथून हवा आत येतेय. काही जण उदबत्ती घेऊन हेच करतात. धूर कुठे वळतो ते छान दिसतं, पण उदबत्तीच्या वासात सिगारेटचा वास हरवतो, म्हणून मी पट्टीच वापरली. चाचणी वासाच्या वेळेलाच करा, कारण मुंबईत दुपारचा वारा आणि रात्रीचा वारा वेगळा असतो.

आमच्याकडे पहिल्या फेरीत पट्टी कुठेच फारशी हलली नाही. मी वैतागून भाकऱ्या करायला उभी राहिले, एक्झॉस्ट लावला, आणि पॅसेजमध्ये चिकटवून ठेवलेली बाथरूमच्या दाराखालची पट्टी आडवी झाली.

गोष्ट सरळ आहे, पण डोक्यात यायला मला महिना लागला. एक्झॉस्ट पंखा घरातली हवा बाहेर फेकतो. जेवढी बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. किचनची चिमनी तासाला हजार-बाराशे घनमीटर हवा खेचते असं तिच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. आमच्या सहाशे चौरस फुटांच्या घरात सगळी मिळून हवा असते दीडशे-एकशेसाठ घनमीटर. डास नकोत म्हणून संध्याकाळपासून आमच्या खिडक्या बंद. मग ही हवा यायची कुठून? बाथरूमच्या लूव्हरच्या, म्हणजे काचेच्या आडव्या पट्ट्यांच्या, खिडकीतून. म्हणजे डक्टमधून. खालच्या मजल्यावर कुणीतरी सोडलेला धूर मी स्वतः पंखा लावून घरात ओढून घेत होते. वास आला की "हवा खेळू दे" म्हणून एक्झॉस्ट आणखी वाढवत होते, ते वेगळंच.

म्हणून पहिला उपाय फुकटचा: एक्झॉस्ट किंवा चिमनी लावायची असेल तेव्हा डक्टपासून लांबची, बाहेरच्या बाजूची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा. आम्ही हॉलची ठेवली. पट्टी लगेच खाली पडली. त्या रात्री वास निम्म्याहून कमी झाला.

फटी बुजवणं, आणि काय बुजवायचं नाही

आता हे नीट वाचा. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथली हवेची खिडकी कधीही, कुठल्याही कारणासाठी बंद करायची नाही. सिगारेटच्या वासाचा त्रास होतो, पण बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे होणारा कार्बन मोनॉक्साइड माणूस मारतो, आणि त्याला वासही नसतो. मुंबईत अशा घटना होत आल्या आहेत. खिडकी बुजवायचीच असेल तर आधी गीझर इलेक्ट्रिक करा. तसंच पाइप गॅस घेताना किचनमध्ये हवेसाठी जी मोकळी जागा ठेवायला सांगतात तिला हात लावू नका. आणि डक्टचं तोंड गच्चीवर प्लास्टिकने झाकायचा विचार कुणी मीटिंगमध्ये मांडला (आमच्याकडे मांडला होता) तर उठून विरोध करा. डक्ट वरून बंद झाला की सगळ्या मजल्यांचा धूर सगळ्यांच्या घरात.

बाकी फटी मात्र बिनधास्त बुजवा. सिंकखालच्या आणि कमोडमागच्या पाइपांभोवती बिल्डरने सोडलेली भोकं असतात. तिथे टॉर्च मारून बघा, आमच्याकडे एका भोकातून चक्क डक्टमधला उजेड दिसत होता. लहान फटींना सिलिकॉन, मोठ्यांना आधी व्हाइट सिमेंट. स्विचबोर्डाच्या मागच्या बाजूला पाइपमधून हवा येत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, स्वतः सिलिकॉनची नळी घेऊन बसू नका. बाथरूमच्या दाराखाली ब्रशची पट्टी लावली, तिने खूप फरक पडला. स्लायडिंग खिडक्यांच्या कडेला लोकरीसारखी केसाळ पट्टी असते, ती पाच-सात वर्षांत झिजते. अ‍ॅल्युमिनियमवाला ती बदलून देतो, खिडकी बदलायची गरज नसते.

मग आमच्या बाथरूममध्ये सहा इंची एक्झॉस्ट बसवला, मागे झडप असलेला. पंखा बंद झाला की झडप पडते आणि डक्टची हवा उलटी आत येत नाही. पंखा चालू असताना आपली हवा डक्टकडे ढकलली जाते, त्यामुळे धूर त्या वाटेने येऊच शकत नाही. किचनच्या पंख्याचं काम आणि बाथरूमच्या पंख्याचं काम उलट आहे, हे इथे लक्षात घ्या: एक धूर ओढून आणतो, दुसरा अडवतो. टायमर लावून तो साडेदहा ते सव्वाअकरा चालू ठेवला.

आठ दिवस मजेत गेले. मग पहिल्यांदा वास परत आला, या वेळी मास्टर बेडरूममध्ये. कारण तिथल्या संडासाची खिडकीही त्याच डक्टमध्ये उघडते. एका बाथरूममधला पंखा हवा बाहेर टाकत होता आणि दुसऱ्या संडासातून तेवढीच आत येत होती. डक्टवर दोन तोंडं असतील तर एकाची सोय करून भागत नाही. दुसऱ्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या काढून तिथेही झडपवाला पंखा लावला, आणि हॉलची खिडकी चार बोटं उघडी ठेवण्याचा नियम रात्री अकरापर्यंत वाढवला.

परदा, गादी, उशी

एवढं होऊनही आईंच्या खोलीत वास येतच होता, दिवसभर, मंद. मला वाटलं पुन्हा हरलो. पण हा वास वेगळा होता, शिळा, ओल्या राखेसारखा. धुरातले कण कापडावर बसतात आणि हळूहळू वास सोडत राहतात. परदे दोनदा धुतले, गादी गच्चीवर तीन उन्हं दाखवली, एसीची जाळी साबणाच्या पाण्यात धुतली. गेला. ताजा वास ठरावीक वेळेला येतो आणि वाढतो, शिळा दिवसभर सारखा राहतो. हा फरक ओळखता आला तर अर्धा खर्च वाचेल.

एअर प्युरिफायरबद्दल सगळे विचारतात. चालतो, पण दार बंद असलेल्या एका खोलीपुरता. सिगारेटच्या धुराचे कण मायक्रॉनहूनही लहान असतात, चांगला हेपा फिल्टर ते पकडतो. वास मात्र वायूंचा असतो, त्यासाठी कोळशाचा थर लागतो, आणि स्वस्त यंत्रांत तो कागदाइतका पातळ असून थोड्याच महिन्यांत भरतो. म्हणून हवा सुधारलेली असते तरी वास येत राहतो. घेताना सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, बघा: १२० चौरस फुटांच्या खोलीत बत्तीस घनमीटर हवा असते, ती तासाला पाचदा गाळायची तर १६० घनमीटर तरी हवेत. ओझोन सोडणारी यंत्रं घेऊ नका, दम्याच्या माणसाजवळ तर अजिबात नको. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, यंत्रावर संशय घेण्याचं कारण नाही, त्याचे पाइप मात्र तपासा. जुन्या विंडो एसीला हवेची एक छोटी खिटी असते, ती उघडी राहिलेली असते. तेवढी बंद करा.

कोण, हे कसं कळलं

रात्री पावणेअकराला आमच्या बाथरूमचा दिवा बंद करून मी उभी राहिले. डक्टच्या समोरच्या भिंतीवर खालच्या एखाद्या खिडकीचा पिवळा उजेड पडलेला दिसायचा. तिसऱ्याचा नव्हे, दुसऱ्याचा. सात रात्रींपैकी सहा रात्री उजेड आला आणि दोन-तीन मिनिटांत वास आला. (डोकावायचं नाही हं. भिंतीवरचा उजेड बघणं वेगळं.) दुसऱ्या मजल्याचा धूर तिसरा मजला ओलांडून चौथ्यावर, यात नवल काही नाही. रात्री डक्टमधली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते, ती वर चढते आणि वाटेत जिथे पंखा ओढतो तिथे वळते. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांकडे चिमनीच नव्हती, म्हणून त्यांना कमी त्रास.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त काका आणि काकू राहतात. आम्ही दोघं रविवारी सकाळी अकराला गेलो. मुद्दाम वासाच्या वेळी गेलो नाही, कारण त्या वेळी जाणं म्हणजे चोर पकडायला जाणं. काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं. मी म्हटलं, "काकू, डक्टमधून सिगारेटचा वास येतो हो वर, आईंना फार त्रास होतो." काकू म्हणाल्या, "आमच्याकडून? छे गं. ह्यांनी अँजिओप्लास्टी झाल्यापासून हात नाही लावला." आणि काका, जे आत्तापर्यंत आमच्याशी बोलत होते, ते एकदम टीव्हीत बुडाले. मी म्हटलं, "मग दुसरीकडून येत असेल," आणि चहा पिऊन उठलो.

दुसऱ्या दिवशी काका लिफ्टमध्ये भेटले. सहाव्या मजल्यापर्यंत उगाच माझ्यासोबत आले. "हिला काही बोलू नकोस," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "काका, मी कशाला बोलू. पण आईंना रात्री नेब्युलायझर लावावा लागतो." ते गप्प. मग म्हणाले, "एवढं वर येतं होय?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. आपला धूर डक्टमध्ये गेला की गेला, असं त्यांना वाटत होतं. ठरलं असं की रात्रीची सिगारेट जेवणानंतर शतपावलीच्या नावाने खाली, गेटबाहेर. गच्ची नको, कारण गुडघे. बाल्कनी मी नको म्हटली, कारण तिथला धूर थेट आमच्या हॉलच्या खिडकीशी येतो, जी आम्ही मुद्दाम उघडी ठेवतो.

काकूंपासूनच्या त्या गुपितात मी सामील झाले याचं मला बरं वाटत नाही. पाकिटावरचा सिगारेट सोडण्यासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर, १८००-११-२३५६, मी त्यांना एकदा दाखवला. "चष्मा नव्हता," म्हणाले.

बोलायला जाताना दोन शब्द उपयोगी पडले: "डक्ट" आणि "आई". "तुम्ही ओढता" असं म्हटलं की समोरचा स्वतःचा बचाव करतो. "डक्टमधून येतं" म्हटलं की दोघं मिळून डक्टकडे बघता येतं. आणि कुणी "तुमच्याकडेही रोज धूप असतो" म्हणालं तर वाद घालू नका. असतो. आम्ही आमचा धूप बाहेरच्या बाल्कनीत नेला, त्याने बोलण्यात वजन आलं.

सोसायटी आणि कायदा

थोडक्यात, कारण इथे फार हाती लागत नाही. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. मग २००३ चा तंबाखूविषयक कायदा आला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नियम लागू झाले, दंड २०० रुपयांपर्यंत. पण हे सगळं सार्वजनिक जागेसाठी. स्वतःच्या घरात, स्वतःच्या संडासात सिगारेट ओढणाऱ्याला हा कायदा अडवत नाही. पोलिसांना फोन करून माझ्या ओळखीतल्या एकीला फक्त शेजाऱ्याचं कायमचं वैर मिळालं.

सोसायटीच्या उपविधींमध्ये मात्र सदस्याने आपल्या फ्लॅटमध्ये इतरांना उपद्रव होईल असं काही करू नये, असं असतं. तुमच्या प्रतीत वाचा. त्याचा हवाला देऊन लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नोंदींची प्रत जोडा. भाडेकरू असेल तर अर्जाची प्रत घरमालकालाही द्या, लीव्ह अँड लायसन्स करारात उपद्रवाचं कलम बहुधा असतं. लिफ्ट, जिना, लॉबी, गच्ची, रेफ्युज एरिया (आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा) इथल्या धूम्रपानबंदीचा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्या, त्याला सहसा कुणी विरोध करत नाही. आमच्या चेअरमननी आधी "एवढ्याशा वासाने काय होतं" म्हणून हसण्यावारी नेलं. मी सांगितलं की दुसऱ्याच्या धुराचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे, आणि त्या धुरात सात हजारांवर रसायनं असतात, त्यातली सत्तरएक कॅन्सर करणारी. ते म्हणाले, "लिहून द्या." दिलं. ठराव झाला. ठराव झाल्यावर कळलं की जिन्यातला वास दोन विंगांना येत होता आणि कुणी बोलत नव्हतं.

जिन्यातून वास येत असेल तर आधी फायर डोअर बघा. वीट लावून उघडं ठेवलेलं असतं, म्हणजे जिनाच धुराडं होतो. वीट काढा. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो, आणि आग लागली तर जीवही वाचेल. मेन डोअरखाली रबरी पट्टी लावा. खालच्या बाल्कनीतून धूर येत असेल तर मात्र पट्ट्यांचा उपयोग नाही, तिथे वेळ ठरवून घेणं हाच मार्ग. चाळीत, सामाईक गॅलरी असलेल्या घरात, तर सगळा मामला बोलण्याचाच आहे.

जूनमध्ये दुसऱ्यांदा

पाऊस सुरू झाला आणि काकांची शतपावली बंद झाली. सिगारेट पुन्हा संडासात. ते मला अपेक्षित होतं. पण आमचे दोन्ही पंखे चालू असूनही वास येत होता, हे कळेना.

कारण वारा निघाला. पावसाळ्यात मुंबईत वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. पाणी आत येतं म्हणून पश्चिमेच्या खिडक्या आपण गच्च बंद करतो आणि पूर्वेच्या उघड्या ठेवतो. आमची हॉलची खिडकी पूर्वेला. ज्या बाजूने वारा आदळतो तिथे हवा आत ढकलली जाते, आणि त्याच्या विरुद्ध बाजूला बाहेर खेचली जाते. म्हणजे पावसाळ्यात आमची पूर्वेची उघडी खिडकीच घरातली हवा बाहेर खेचत होती, चिमनीसारखी, आणि तिच्या जागी डक्टची हवा येत होती. पूर्वेची बंद केली, पश्चिमेच्या बेडरूमची खिडकी छज्जाखालच्या बाजूने दोन बोटं उघडली, खाली जुनं पायपुसणं ठेवलं. पट्टी डक्टच्या दिशेने उलटी झाली.

हिवाळ्यात हे उलटं होतं. दुपारी वारा समुद्राकडून येतो, पण रात्री आणि पहाटे जमिनीकडून, पूर्वेकडून. म्हणून आता आमच्या फ्रिजवर चिठ्ठी आहे: जून ते सप्टेंबर रात्री पश्चिम दोन बोटं, डिसेंबर-जानेवारी रात्री पूर्व चार बोटं. ऑक्टोबरमध्ये वाऱ्याचा भरवसा नाही, पट्टी धरून बघायचं. मुलुंडला समोर टॉवर उभा राहिला की हेही बदलेल, तुमच्याकडे तर वेगळंच असेल. नियम एवढाच की ज्या बाजूने वारा येतो तिकडची खिडकी थोडी उघडी ठेवायची, घर आतून फुगलेलं ठेवायचं.

आणि जानेवारीत तिसऱ्यांदा

चिठ्ठीप्रमाणे पूर्व चार बोटं, पंखे चालू, काका कोरड्या हवेत पुन्हा गेटबाहेर जायला लागलेले. तरी पाहुण्यांच्या खोलीत, जिथे कधीच वास नव्हता, तिथे वास. सकाळचा. सकाळची सिगारेट काकांनी कधीच बाहेर नेलेली नाही, ती त्यांना चहाआधी लागते.

त्या खोलीला एक छोटी ड्राय बाल्कनी आहे, तिथे पूर्वी वॉशिंग मशीन होतं. दिवाळीत ते किचनमध्ये हलवलं. पट्टी घेऊन बसले तर ती जमिनीवरच्या जाळीपाशी थरथरली. प्लंबरला फोन केला, त्याने यायचीही तसदी घेतली नाही. "भाभी, तिथे पाणी कधी टाकलं होतं?" नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या खोलगट भागात, पाणी साठलेलं असतं, तेच पाणी पाइपातली हवा अडवतं. मशीन हलवल्यापासून तिथे थेंबही पडला नव्हता, दोन-अडीच महिन्यांत ते वाळून गेलं, आणि खालच्यांच्या पाइपातली हवा सरळ वर. एसीच्या पाण्याचा पाइपही त्याच लायनीत सोडलेला होता, हिवाळ्यात एसी बंद म्हणून तोही कोरडा. एसीचा पाइप प्लंबरने नंतर वेगळा काढून दिला. जाळीत तांब्याभर पाणी ओतलं, वर दोन चमचे खोबरेल सोडलं म्हणजे लवकर वाळत नाही.

आता दर रविवारी झाडांना पाणी घालताना एक तांब्या तिथे.